काकूचं धिरड्यांचं यंत्र

आभा कॉलेजात ऑटोमाटा थिअरी, म्हणजे ठरवलेल्या अवस्थांतून चालणाऱ्या यंत्रांचं गणित, शिकवायची. तिनं धिरड्यांचं यंत्र बनवलं ते पंचवटीतल्या गोदावरीकाकूच्या दुखऱ्या मनगटापायी. ढुंढिराजकाका यात्रेकरूंच्या पूजा सांगत आणि पूजेला आलेली मंडळी घरीच जेवत. पंगत उठेपर्यंत काकू तव्यापुढून हलायची नाही, आणि हल्ली तिच्या हातून उलथनं निसटायला लागलं होतं.

"याला डोकं नाही हं," यंत्र ओट्यावर ठेवताना आभा म्हणाली. "आपण कुठल्या अवस्थेत आहोत तेवढंच याला कळतं. तवा रिकामा, पीठ ओतलं, उलटलं, झालं. एकीतून दुसरीत कधी जायचं ते मी नेमून दिलंय."

रविवारी अमरावतीचं एक कुटुंब पूजेला आलं होतं. पहिली धिरडी अशी जाळीदार उतरली की काका सोवळ्यातच बघायला आले. आणि नेमकी लाइट गेली. थोड्या वेळानं आली, तसं यंत्र जागं झालं आणि अर्धवट भाजलेल्या धिरड्यावर त्यानं खुशाल आणखी पीठ ओतलं.

"अगं बाई! हे धिरडं की ढोकळा?" काकूला हसू आवरेना. हसत हसतच तिनं जुना तवा काढला.

आभाचा चेहरा उतरला. लॅपटॉप घेऊन ती माजघरात बसली, तेव्हा चूक लक्षात आली. यंत्र सुरू झालं म्हणजे तवा रिकामाच, असं तिनं गृहीत धरलं होतं. तिनं आणखी एक अवस्था घातली: 'माहीत नाही'. जागं झालं की आधी तव्याचं वजन बघायचं, वर काही असेल तर काढून टाकायचं, मगच पीठ ओतायचं. फार तर एक धिरडं वाया जाईल.

पुढच्या पंगतीआधी तिनं मुद्दाम मधेच बटण बंद करकरून पाहिलं. यंत्र एकदाही फसलं नाही.

तरी पंगत बसली तेव्हा काकू यंत्रापाशीच उभी.

"काकू, तुझं पान वाढलंय."

"आधी त्यांचं होऊ दे."

"होतंय की! ते करतंय."

काका पाटावर जरा सरकले. "ये गं, बस."

काकू संकोचून बसली. पाहुण्यांच्या पंगतीत ती आजवर कधी जेवली नव्हती. गरम धिरडं पानात पडलं, त्यावर लोण्याचा गोळा विरघळला. एक घास खाऊन ती म्हणाली, "मीठ कमी आहे."

"पीठ तूच कालवलंयस," आभा म्हणाली.

सगळी पंगत हसली. काकूही हसली आणि ओट्यावरच्या यंत्राकडे बघत म्हणाली, "बरं, आणखी एक वाढ."