क्रमांक सतराचा जबाब

अठ्ठ्याहत्तरच्या दंग्यात बायनाबाईचं घर जळालं. सहा वर्षांनी घरकुलांची यादी निघाली, तर तहसीलवाले म्हणाले, जळाल्याचा त्या वेळचा कागद आणा. पंचनामा त्यांच्याच दफ्तरातून हरवलेला, पण ते बोलायचं नाही!

कागद होता परभणीत. दंग्यानंतर एका अभ्यास केंद्राची माणसं येऊन दोन दिवस तिच्या राखेपाशी बसली होती आणि तिचं सगळं सांगणं लिहून घेऊन गेली होती. बायनाबाईनं शाळेच्या गुरुजींकडून अर्ज लिहून घेतला : माझं सांगणं मला द्या.

केंद्राचे प्रमुख दिनकरराव. गुप्ततेचे इतके भोक्ते, की स्वतःच्या लग्नाची तारीख त्यांनी लाखेच्या लखोट्यात बंद करून ठेवली होती. बायकोनं मागितली तर लेखी कारण विचारायचे.

"बाई, ते गोपनीय आहे. सांगणाऱ्याचं नाव कळू नये म्हणून."

"सांगणारी मीच हाय की!"

"आमच्याकडे नाव नाही, क्रमांक सतरा आहे. सतरानं संमती दिली तर बघू."

"मंग घ्या माजा अंगठा."

"तुम्हीच सतरा कशावरून?"

"तुमच्या वहीत बघा."

"ती वही तर त्याहून गोपनीय!"

असे अकरा अर्ज झाले. पोच मात्र दर वेळी मिळायची. शिक्का मारायची त्या मंडळींना लय हौस.

बाराव्या खेपेला बायनाबाईनं व्हरांड्यात बैठक मारली आणि खणखणीत आवाजात सगळं सांगायला लागली. कोणता वार, छपराला काडी कुणी लावली, दावं तोडून शेळी कशी पळाली. रिक्षावाले रिक्षा बंद करून ऐकत राहिले. दिनकरराव कानांत बोटं घालून धावत आले.

"गप्प बसा! गोपनीय माहिती फोडताय तुम्ही!"

"घर माजं जळालं, अन् धूर तुमच्या नाकात जायलाय व्हय?"

शहाणा माणूस इथं थांबला असता. दिनकररावांनी बाईवर चौकशी लावली आणि तिचं व्हरांड्यातलं बोलणं रिक्षावाल्यांकडून लिहून घेतलं. गुन्हा शाबीत करायला कपाट उघडलं, वही काढली, सतराचा जबाब बाईच्या बोलण्याशी ओळीनं ओळ ताडला, दोन्ही शेजारी शेजारी टाइप करवले आणि खाली लिहिलं : 'सदर बाई हीच क्रमांक सतरा असून जबाब तंतोतंत जुळतो.' सही, तारीख, गोल शिक्का. आरोपीला प्रत द्यावीच लागते, म्हणून ती रजिस्टर टपालानं बायनाबाईच्या हातात.

तिनं ती तहसीलच्या टेबलावर ठेवली.

"बाई, हा तर तुमच्यावरचा ठपका आहे," कारकून म्हणाला.

"आसू द्या. घर जळालं लिवलंय का न्हाई त्याच्यात?"

कारकुनानं दोनदा वाचलं, शिक्का नखानं खरवडून पाहिला आणि नाही म्हणायला कारणच सापडेना, म्हणून तोंड वाकडं करून तिचं नाव यादीत चढवलं.