तोंडात मिरची, जाळीपाशी शांतता

पिंपळझरीच्या तुरुंगात भेटीचा वार सोमवार. एका जाळीमागे कैदी, तीन हातांवर दुसरी जाळी, तिच्यामागे नातलग. सगळ्यांना मिळून वेळ पाव तास. चाळीस माणसं एकदमच ओरडायची. भाजीवाल्या माणिकबाईनं तीन सोमवार घसा फोडला, पण भाऊ गोवर्धनला तिचा एक शब्द पोचला नाही.

आणि तो शब्द तर फार गरजेचा. पाण्याच्या पाळीवरून गोवर्धननं शेजारच्या मोतीरामचं डोकं फोडलं होतं. मोतीराम आता तडजोडीला तयार होता, पण गोवर्धन एक दिवसाआड पाणी घ्यायला कबूल असेल तरच. खटल्याची तारीख उद्यावर आली होती.

"एकेकाले बसून भेटू द्या म्हून सालभर अर्ज देऊन राहिलो आमी," रांगेतली केशरबाई म्हणाली. "जेलरसाहेब म्हन्ते, कोनाची तक्रारच नाही."

माणिकबाई गालात हसली. कालच्या बाजारात जेलरच्या आचाऱ्यानं तिच्याकडून दुप्पट कोथिंबीर नेली होती. म्हणजे आज जेलरकडे तुरुंगाचे तपासनीस साहेब जेवायला होते.

तिनं ओटीतून हिरव्या मिरच्या काढल्या. "आज एकानं बोलाचं, बाकीच्याईनं गप. जो मधात बोलन, त्याच्या तोंडात मिरची!"

"अन् घाई असली तं?" गोवर्धनची कबुली ऐकायला डोक्याला पट्टी बांधून आलेल्या मोतीरामनं विचारलं. पहिली मिरची त्यालाच मिळाली.

आत सगळे चिडीचूप उभे राहिलेले पाहून कैदीच घाबरले. "कोन मेलं बे?" एकानं विचारलं.

केशरबाईनं सुरुवात केली. "शेषराव, भाकर कशी भेटते रे?"

तिचा लेक शेषराव दर सोमवारच्या सवयीनं गरजला, "कच्ची! डाळीत अळ्या! अन् आमच्या वाटचं तेल जेलरसाहेबाच्या घरी जाते!"

हे तो वर्षभर ओरडत होता. पण आज मध्ये गलका नव्हता. आवाज सरळ कचेरीत बसलेल्या तपासनीस साहेबांपर्यंत गेला.

जेलर धावत आले. "गप काहून उभे? बोला ना सगळे! ओरडा!"

"नाही जी साहेब," माणिकबाई अदबीनं म्हणाली, "तुरुंगात शिस्त पायजे."

मागून तपासनीस साहेब आले, हातात चहाची कपबशी. "बोलू द्या. आणि पुढच्या सोमवारी इथे बाकं टाका, एकेका घराला वेगळा वेळ द्या. तेलाचं आपण आत बोलू." मग माणिकबाईकडे वळून म्हणाले, "हं, पुढे कोण?"

"गोवर्धन," माणिकबाई जाळीला तोंड लावून म्हणाली, "मोतीराम तडजोड करते. पानी एक दिवसाआड. कबूल?"

गोवर्धन मानी गडी. चाळीस माणसांसमोर वाकायचं? त्यानं मान फिरवली.

"हो म्हन ना बे!" शेषराव खेकसला. "बाकीच्याईले बोलाचं नाही का?"

"...कबूल," गोवर्धन पुटपुटला. ते शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेलं. मग तो म्हणाला, "त्याचं डोकं कसं हाय?"

"डोकं बरं हाय," मागून मोतीराम डोळे पुसत ओरडला, "तुह्या बहिनीनं तोंड जाळलं!"