तेरावी जुडी

घारीनं रेलिंगला पोट टेकवलं, दुर्बीण डोळ्यांना लावली आणि खालच्या पाण्यात बघत सांगायला सुरुवात केली.

"एक, उजळ. दोन, उजळ. तीन, काळी."

मागे उभ्या असलेल्या, कॅमेऱ्याच्या कामाला पैसे देणाऱ्या निधीवाल्या बाई तक्त्यावर खुणा करत होत्या. हॉलमधले दिवे मालवले होते. तलावाच्या पलीकडच्या काठावर इंजिनिअर आपल्या कॅमेऱ्यापाशी हाताची घडी घालून उभा होता. कॅमेऱ्याचं बघून झालं होतं, त्याची उत्तरं लिफाफ्यात बंद होती. आता माणसाची पाळी.

तलावाच्या तळाशी, चाळीस कप्प्यांत, अणुभट्टीत वापरून झालेल्या इंधनाच्या नळ्यांच्या जुड्या उभ्या होत्या. खरं इंधन पाण्यात निळं उजळतं. कुणी ते गुपचूप पळवून त्या जागी साध्या लोखंडी नळ्यांची खोटी जुडी ठेवली, तर ती काळी राहते. शेजारणींचा उजेड अंगावर पडेल तेवढाच. देशोदेशीच्या तलावांवर जाऊन हा फरक ओळखायचा, ही तपासनिसांची नोकरी. घारीनं त्या नोकरीत सत्तावीस वर्षं काढली होती. 'घार' हे नाव तिला पहिल्याच दौऱ्यावर पडलं आणि असं चिकटलं, की पगाराच्या कागदावरचं खरं नाव वाचून ऑफिसातले नवे लोक विचारायचे, ही कोण बुवा?

सरावाच्या या तलावात पाच जुड्या मुद्दाम खोट्या ठेवलेल्या होत्या. त्या कॅमेऱ्याला घारीइतक्याच अचूक ओळखता आल्या, तर त्याचा निधी पुढे चालू राहणार. नाही तर इंजिनिअरचं सहा वर्षांचं काम बासनात.

"बारा, उजळ," घार म्हणाली आणि थांबली.

खाली सगळं दुधात नीळ कालवल्यासारखं दिसत होतं. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता, डाव्यातला पिकायच्या मार्गावर होता. डॉक्टरांनी दिलेली ऑपरेशनची तारीख तिनं दोनदा पुढे ढकलली होती. 'घारीचे डोळे गेले' हे कॅन्टीनमध्ये कुणाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा मेलेलं बरं, असं तिला अगदी मनापासून वाटायचं. म्हणून सकाळी चहा पिताना तिनं आपलाच गेल्या वर्षीचा अहवाल काढला होता आणि याच तलावाचा नकाशा दोनदा वाचला होता. नवऱ्यानं वर्तमानपत्राआडून बघितलं होतं.

"म्हातारपणी कॉपी करून पास होणार वाटतं?"

"उजळणी करतेय हो," ती म्हणाली होती. तो हसला, तीही हसली होती.

"ताई, तेरा," निधीवाल्या बाईंनी आठवण केली.

"तेरा, काळी," घार म्हणाली.

पुढे ती कुठेच अडखळली नाही.

निकाल तासाभरात लागला. घार, चाळीसपैकी चाळीस. कॅमेरा, अडतीस. त्यानं तेरावी उजळ सांगितली होती आणि सत्ताविसावी काळी. अडतीस म्हणजे वाईट नव्हे, पण तपासणीच्या कामात दोन चुका म्हणजे दोन जुड्या, आणि दोन जुड्या म्हणजे पुष्कळच.

इंजिनिअरनं तिला व्हरांड्यात गाठलं. हातात कॅमेऱ्यानं काढलेले फोटो होते. दहा वर्षांपूर्वी तो तिच्याबरोबर पहिल्यांदा दौऱ्यावर आला होता. काचेवर वाफ धरू नये म्हणून श्वास कसा सोडायचा इथपासून सगळं तिनंच त्याला शिकवलेलं. 'ताई, तुम्ही रिटायर झाल्यावर बघायचं कुणी?' असं म्हणत त्यानं या कॅमेऱ्याचा नाद धरला होता.

"ताई, तेरावी अगदी काळी होती?"

"का रे?"

"नाही, सहज विचारलं. थोडीसुद्धा उजळ नव्हती?"

शब्द तिच्या जिभेवर आला होता. मला काही दिसलं नाही रे, एवढंच तर म्हणायचं होतं. तेवढ्यात मागून दोन तपासनीस गेले, आणि त्यातला एक म्हणाला, "मानलं बुवा, घार ती घारच!"

"तुला शंका आहे माझ्यावर?" तिनं विचारलं.

"छे छे, ताई!" त्यानं कान पकडले. "तुम्ही काळी म्हणालात म्हणजे काळीच."

निधीवाल्या बाईंनी वर भांडून त्याला तीन महिने मिळवून दिले. "एवढ्यात कॅमेरा सुधारून दाखवा," त्या म्हणाल्या. "यापुढे माझ्याही हातात काही नाही." तो मान डोलावत गेला.

घारीनं दुसऱ्याच आठवड्यात उजवा डोळा करून घेतला आणि पुढच्या महिन्यात डावा. ऑफिसात सांगितलं, गुडघ्याचं दुखणं आहे. पट्टी निघाली त्या सकाळी तिला न्हाणीघरातल्या फरशांमधला मळ दिसला, आपल्या हातावरचे डाग दिसले, नवऱ्याच्या गळ्याची सुटलेली कातडी दिसली.

"अहो, तुम्ही इतके म्हातारे कधी झालात?"

"तू बघत नव्हतीस तेव्हा."

ती खळखळून हसली, आणि हसता हसता तिला व्हरांड्यातला इंजिनिअर आठवला. त्याला फोन करायचं तिनं त्या दिवशी ठरवलं. मग रविवारी करू म्हणाली. रविवारी तो घरच्यांबरोबर असेल, कशाला त्रास द्यायचा, असं म्हणून सोमवारवर टाकलं. नाही तरी उत्तरं बरोबर आली होती ना? डोळ्यांनी दिली काय आणि डोक्यानं दिली काय, तेरावी काळी होती ती होतीच. असं ती स्वतःला समजावत राहिली, आणि ते तिला पूर्ण कधी पटलं नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा सगळे तलावाच्या काठावर जमले. या खेपेस कॅमेऱ्यानं चाळीसपैकी चाळीस बरोबर सांगितली. इंजिनिअर वाळला होता, डोळ्यांखाली काळं आलं होतं, पण चेहरा फुलला होता. तसे सहा कॅमेरे बनवून सहा देशांतल्या तपासनिसांकडे पाठवायचे होते. निधीवाल्या बाईंनी कागद पुढे केला. त्यावर शेवटची सही घारीची हवी होती.

"ताई, खरं सांगू का?" इंजिनिअर म्हणाला. "मी त्याला नवीन असं काही शिकवलंच नाही. तुमची उत्तरं समोर ठेवली आणि म्हटलं, बाबा रे, ताई बघतात तसं बघ. दोन महिने मानायलाच तयार नव्हता. शेवटी मानला!"

सगळे हसले. घारीला संकोच वाटला. सही करण्याआधी एकदा आपल्या नव्या डोळ्यांनी हा तलाव बघावा, असं तिच्या मनात आलं. निव्वळ हौस म्हणून. तिनं दुर्बीण उचलली, दिवे मालवायला सांगितले आणि रेलिंगवर वाकली.

काय निळा रंग होता! किती वर्षांत तिनं तो असा बघितला नव्हता. तिचे डोळे भरून आले. पहिली, दुसरी, तिसरी काळी, असं करत ती ओळीनं पुढे सरकली आणि एका जागी थांबली. मागे जाऊन पुन्हा मोजलं. मग पुढे सत्ताविसाव्यापर्यंत गेली आणि तिथंही पुष्कळ वेळ बघत राहिली.

"फोरमन," तिनं वर न बघता हाक मारली. "या तलावातल्या जुड्या कुणी हलवल्यात का?"

"हो की," काठावरचा फोरमन म्हणाला. "तेरावी आणि सत्ताविसावी. तेराचा कप्पा वाकला होता, दुरुस्तीसाठी जुडी काढली. परत ठेवताना अदलाबदल झाली."

"कधी?"

"झालं की सहा महिने. तुमच्या त्या पहिल्या परीक्षेच्या आधीच. वहीत लिहिलंय सगळं. कुणी विचारलंच नाही आम्हाला."

दिवे लागले. निधीवाल्या बाईंचा चेहरा उतरला होता.

"बरोबर उत्तरांचा तक्ता आमच्या ऑफिसनंच बनवला," त्या म्हणाल्या. "पण तो तुमच्याच गेल्या वर्षीच्या अहवालावरून, ताई. म्हटलं, त्याहून खात्रीचं काय असणार? आणि तुम्ही तर बघून तेच सांगितलंत."

घारीनं दुर्बीण खाली ठेवली. गप्प राहून चाललं असतं. चूक ऑफिसच्या तक्त्यावर गेली असती. पण समोर इंजिनिअर उभा होता, आणि त्यानं अजून कॅमेऱ्यावरचा हात काढला नव्हता.

"मी बघून नाही सांगितलं," ती म्हणाली. "मला त्या दिवशी काही दिसतच नव्हतं. मोतीबिंदू होता. अहवाल पाठ करून आले होते, तो म्हणून दाखवला. तुझा कॅमेरा पहिल्याच दिवशी बरोबर होता रे. चाळीसपैकी चाळीस. आता मात्र तो खोट्या जुडीला खरी म्हणतोय, आणि ते माझ्यामुळे. मी चुकले. फार मोठी चूक झाली माझी."

निधीवाल्या बाईंनी पुढे केलेला कागद हळूच मागे घेतला. फोरमन दुसरीकडे बघू लागला. इंजिनिअर रागावेल, ओरडेल, असं घारीला वाटलं. त्यानं तसं करावं, असंच तिला वाटत होतं.

त्यानं बॅग उघडून ते तीन महिन्यांपूर्वीचे फोटो बाहेर काढले. कोपरे दुमडले होते, तेराव्या जुडीभोवती पेन्सिलीनं कितीदा तरी गोल काढून खोडला होता.

"मला दिसत होती, ताई," तो म्हणाला. "उजळ होती. मला रोज दिसत होती."