त्राण नेणाऱ्या शब्दाची दुपार

मी एक इंग्रजी शब्द, तुमच्याशी बोलतोय. नाव एनर्व्हेट. माणसाच्या अंगातलं त्राण हळूहळू काढून घेणं, हा माझा अर्थ. मूळचा मी लॅटिन घराण्यातला. तिथं तर सरळ स्नायूच काढून घेत असे. इंग्रजीत आल्यावर जरा सभ्य झालो.

खुद्द इंग्रज मला क्वचितच हाक मारतात. खरी कदर चीनमध्ये. तिथली मुलं पहाटे मैदानात उभी राहून मला मोठ्यानं घोकतात. कशासाठी, हे त्यांनाही ठाऊक नाही आणि मलाही.

गेल्या मे महिन्यात लोयांगच्या एका शाळेत शाव बाईंनी मला फळ्यावर लिहिलं. मी अभ्यासक्रमाबाहेरचा. पण बाईंचं मत, "असू द्या जवळ!"

या बाईंनी एक पराक्रम केला होता. तिकडं शाळा असो की कचेरी, जेवणानंतर सगळे टेबलावर डोकं ठेवून झोपतात. हा त्यांचा पिढीजात हक्क. पण परीक्षा तोंडावर आली तशी बाई बैठकीत उठून म्हणाल्या, "माझा वर्ग दुपारी झोपणार नाही!" मुख्याध्यापक कुंग सरांनी टाळ्या वाजवल्या. मग बाकीचे वर्गही नाइलाजानं जागे राहिले. आठवड्यात बाईंना पश्चात्ताप झाला, सरांनाही झाला. पण आधी माघार कोणी घ्यायची? दोघांनाही अब्रू राखायची होती. ती राखता राखता सगळी शाळा पेंगुळली.

तर त्या दुपारी बाई मला समजावत होत्या. कमरेला लहानसा ध्वनिक्षेपक, ओठांशी माईक.

"फांग रुई, वाक्य कर."

फांग रुई वर्गाची मॉनिटर. ती उठली. "उन्हाळा माणसाचं त्राण काढून घेतो."

"पुस्तकी आहे. थान लेइ, तू."

"बाई, इंग्रजीचा तास..." थान लेइ थबकला.

"पुढे?"

"...फार छान असतो."

वर्ग हसला. बाईही हसल्या, "थांब, मीच सांगते," म्हणत खुर्चीवर बसल्या आणि माझा अर्थ सांगता सांगता त्यांचं डोकं टेबलावर टेकलं. पुढचं घोरणं ध्वनिक्षेपकातून सबंध वर्गाला ऐकू आलं.

"उठव ना! सर फेरीवर येतील. जागं राहायचं यांनीच सुचवलं होतं, आता सगळ्यांसमोर अब्रू जाईल," थान लेइ कुजबुजला.

फांग रुई टेबलापाशी गेली. बाईंच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. तिनं हात पुढे केला, आणि उठवण्याऐवजी ध्वनिक्षेपक बंद केला.

"पडदे ओढा," ती म्हणाली. "एकट्या बाई झोपल्या तर चूक. सगळा वर्ग झोपला तर तास."

उशा दप्तरातून अशा निघाल्या, जणू याच दिवसासाठी ठेवल्या होत्या.

पावलं वाजली. मागच्या दाराच्या काचेतून कुंग सरांनी पाहिलं, मग दार ढकललं. माझा तर जीव टांगणीला लागला.

"हे काय चाललंय?"

फांग रुई उभी राहिली. "सर, नवा शब्द आहे. बाई अर्थ समजावताहेत."

सरांनी फळ्यावर मला पाहिलं. मग बाईंना. आणि नोकरीत मुरलेल्या माणसाला सुटकेचं दार दिसतं तसं त्यांना दिसलं.

"प्रयोग दिसतोय," ते हळूच म्हणाले. "उत्तम. उद्यापासून सगळ्या वर्गांत करा. रोज, जेवणानंतर."

आणि चपला न वाजवता गेले.

बाईंना जाग आली तेव्हा फांग रुईनं सगळं सांगितलं. त्यांनी आधी तोंड झाकलं, मग इतका लांब श्वास सोडला की टेबलावरचा खडूचा भुगा उडाला.

माझ्या आयुष्यात अर्थ सांगणारे पुष्कळ भेटले. माझ्यापासून इतकी माणसं सुटलेली मी त्या दुपारीच पाहिली. अजून मी फळ्यावरच आहे. पुसायला कोणी जागं असेल तर ना! तुम्हाला एकच विनंती: मला पाठ केलं नाही तरी चालेल, पण घरी नेऊ नका.

आता आवरतो. मुलं झोपली आहेत.