अर्धं अंग मागे

दौलतराव पाण्यात उतरले की पाण्यालाही कळत नाही, असं जुन्या इंदुरातले लोक म्हणायचे. लोक म्हणजे मुख्यतः दौलतरावच. पण खोटं नव्हतं हो ते! संस्थान होतं तेव्हा सरदार जयसिंगरावांच्या पदरी त्यांना पोहण्यातला सोबती म्हणून नेमलेलं होतं. सरदार तलावात उतरले की यांनी मागोमाग उतरायचं, त्यांच्या कमरेशी राहायचं, ते बुडायला लागले तर धरायचं, आणि त्यांच्या अंगावर एक थेंब उडवायचा नाही. सरदार कधी बुडाले नाहीत. संस्थान बुडालं, मध्य प्रदेश झाला, आणि दौलतराव नळखात्याच्या खिडकीवर बसून पाणी का येत नाही ते लोकांना समजावू लागले.

अशात एका क्लबानं तिहेरी शर्यत काढली. देपालपूर रस्त्यावरचा तलाव पोहून पार करायचा, तिथून सायकलनं लालबाग गाठायची आणि मग लालबागेभोवती पळायचं. शेजारचा रघुवीर पाटबंधारे खात्यात कारकून होता. पळण्यात आणि सायकलीत तो कुणाला ऐकायचा नाही, पण पाण्यात नुसती धोपटाधोपट. तो शिकवा म्हणून दारात आला, तेव्हा दौलतरावांनी लगेच होकार दिला. आयुष्यभर ते ज्या हातानं पोहले, तो हात निदान एकदा साऱ्यांच्या पुढे निघालेला त्यांना बघायचा होता. दुसरं काही नको होतं.

मग रोज पहाटे बावडी, ती पायऱ्यांची विहीर.

"पाण्याशी भांडू नकोस रे! कोपर वर, बोटं सैल. श्वास घ्यायला डोकं उचलायचं नाही, अंगासकट कुशीवर वळायचं. आणि पाय कशाला झाडतोस, घोड्यावर बसलायस का?"

"काका, दम लागतो ना भिया!" काकांनाही भिया, म्हणजे भैया, म्हणायची रघुवीरची इंदुरी खोड.

"दम लागतो कारण तू जोर लावतोस. माझ्या मागे ये. कमरेशी राहा, तिथलं पाणी मऊ असतं."

रघुवीर पोरगा गुणी. महिन्याभरात त्याचा हात असा फिरू लागला की बावडीतली कबुतरंही उडेनात. दौलतराव पुढे, तो अर्धं अंग मागे. "काका, आता पुढे जाऊ?" असं तो सुरुवातीला विचारायचा. "आधी श्वास सुधार," हे म्हणायचे. मग त्यानं विचारणं सोडून दिलं.

प्रेमलताबाई एकदा धुण्याची बादली घेऊन आल्या आणि पायरीवरून बघत राहिल्या. "सगळं शिकवलंत," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "पुढे जायला कधी शिकवणार?"

"ते काय शिकवायचं असतं?" दौलतराव खेकसले. "तुला पोहण्यातलं काय कळतं?"

शर्यतीच्या दिवशी तलावावर ही गर्दी! दौलतराव इस्त्रीचा कोट घालून काठावर उभे. शिट्टी झाली आणि पंधरा-वीस गडी पाण्यात धबाधब कोसळले. त्यात रघुवीरच्या खात्याचे मोठे साहेब उदयसिंहही होते. हौस दांडगी आणि पोटही. त्यांना मान देऊन बाकीचे मागे राहत होते असं नव्हे, तेच सगळ्यांच्या मागे पडत चालले होते.

रघुवीर मात्र सुरेख निघाला. थेंब नाही, आवाज नाही. एकेकाला मागे टाकत तो... छे, टाकत कुठला! शिट्टीच्या गोंधळात तो साहेबांच्या मागे सापडला होता, आणि साहेबांचे पाय दिसताच त्यांच्या कमरेशी जाऊन थांबला.

"अरे, काढ! काढ पुढे!" दौलतराव ओरडले. त्यांचा घसा फाटायची वेळ आली.

रघुवीर साहेबांच्या चालीनं, अर्धं अंग मागे, तंतोतंत पोहत राहिला. असं पोहणं साऱ्या तलावात दुसऱ्या कुणाचं नव्हतं. दोघे शेवटून पहिले बाहेर आले. सायकलवर त्यानं साहेबांकडे ढुंकूनही पाहिलं नाही, कारण रस्त्यावरची अदब त्याला कुणी शिकवली नव्हती. पळताना त्यानं आणखी बरेच गाठले. पण पाण्यात गेलेला वेळ काही परत येईना. तो पाचवा आला.

"काका, गज्जब झालं!" तो धापा टाकत म्हणाला. "साहेबांवर एक थेंब उडाला नाही. स्वतः म्हणाले, मागे कोणी आहे असं वाटलंच नाही!"

दौलतरावांना राग यायला हवा होता. आली ती शरम. आपण खरंच किती वेगात पोहू शकत होतो, हे त्यांना कधी कळलंच नव्हतं. तीस वर्षांत कधी करून बघायचं सुचलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बावडीवर ते रघुवीरला म्हणाले, "आज तू पुढे. मी मागे राहतो."

रघुवीरनं दोन्ही कान पकडले. "काका, तुमच्या पुढे? शोभतं का ते?"

"अरे, मी काय सरदार आहे?"

तो गोड हसला आणि वाट सोडून पायरीवर बाजूला उभा राहिला. दौलतरावांनी बराच वेळ वाट पाहिली. शेवटी तेच पाण्यात उतरले. त्यांच्या मागे रघुवीर कधी उतरला, ते पाण्यालाही कळलं नाही.