कडुनिंबाच्या पोटचा उंबर

करमाडच्या शिवारात कडुनिंबाला उंबरं लागली आणि जालना रस्त्यावर बैलगाड्यांची रीघ लागली. बुंध्याला भगवं कापड गुंडाळलेलं, खाली शेणामातीचा ताजा ओटा, वर लालबुंद उंबरं. ओट्यावर निंबनाथ महाराज बसलेले.

"कडू झाडानं गोड फळ दिलं," महाराज सांगत, "तसा तुमचा रोग बी गोड व्हईल. पथ्य एकच. दवाखान्याचं औषध पोटात गेलं, की देव रुसला."

म्हणजे गुण आला तर महाराजांचा, नाही आला तर औषधाचा दोष.

मेंढ्या राखणाऱ्या पुंजारामनं आपली गरोदर लेक राजाबाई त्या सावलीत आणून निजवली होती. तिला कावीळ झालेली. डोळे हळदीसारखे पिवळे. गावच्या शाळेत शिकवणाऱ्या वच्छलाबाईंनी तिला पाहिलं आणि त्या पुंजारामला म्हणाल्या, "हिला आजच्या आज शहरात डॉक्टरकडं न्या."

"नाय बाई, देव रुसंल. निंबाला उंबर लागलाय, ते खोटं हाय व्हय?"

बाई ओट्यावर चढल्या. निंबाची डहाळी मोडली, चीक आला नाही. उंबराची मोडली, तर पांढरा चीक ठिबकला.

"ही झाडं दोन आहेत," त्या म्हणाल्या.

"बाईमाणसानं शिवू नये," म्हणत महाराज उठले, तोवर बाईंनी बुंध्याचं कापड ओढलं होतं. निंबाच्या बेचक्यातून उंबराचं मूळ बुंध्याला बिलगून खाली आलं होतं. बाईंनी ओट्याची माती खरवडली. मूळ थेट जमिनीत गेलेलं.

"पाखरानं उंबर खाल्लं, बेचक्यात शिटलं, बी रुजलं. तुमच्या विहिरीच्या चिऱ्यांत उगवतो, तोच हा."

विहिरीतला उंबर दरसाल उपटणारी, दर्शनाला जमलेली माणसं मूळ बघायला पुढं सरसावली. त्या गडबडीत महाराज निसटले.

पुंजारामनं लगेच गाडी जुंपली. डॉक्टरांनी राजाबाईला तपासलं, म्हणाले, "फार उशीर केलात." ती वाचली नाही. पोटातलं मूलही नाही.

माती झाल्यावर पुंजाराम कुऱ्हाड घेऊन झाडाकडं निघाला. वच्छलाबाई आडव्या आल्या.

"झाडानं तुम्हाला काय सांगितलं होतं, पुंजाराम?"

तो वाटेतच खाली बसला.

"कायबी नाय. सांगणारा येगळा होता. ऐकणारा मी."

नवल दिसलं तर जरूर थांबा. पान मोडून बघा, मूळ कुठं जातं ते शोधा. पण घरात कुणी आजारी असेल, तर आधी त्याला डॉक्टरकडं पोचवा. झाड कुठं पळून जात नाही.