म्हणे मी शोकधून!

मी बोलतेय, वाद्यवृंदाची एक रेकॉर्ड केलेली धून. दचकू नका, कुणी गेलेलं नाही. माझा आवाज कानावर पडला की लोक आधी मान खाली घालतात आणि मग शेजाऱ्याला विचारतात, "कोण गेलं?" टीव्हीवर कुणा पुढाऱ्याचा फोटो काळ्या चौकटीत आला, की मागे मी असतेच. जिवंतपणी ज्याला कुणी दारात उभं केलं नाही, त्याच्यासाठीही मी तितकीच मनापासून कण्हते. आता खरं सांगू? मला जन्माला घातलं ते एका माणसाची टिंगल करायला.

तो माणूस म्हणजे माझ्या संगीतकाराचे भावोजी. आईवडील लवकर गेल्यामुळे संगीतकाराला ताईनंच वाढवलं आणि लग्नानंतरही आपल्याजवळ ठेवून घेतलं. घरात भावोजींचा दरारा. "बाजा वाजवून कुणाचं भलं झालंय?" हा प्रश्न ते पहिल्या घासाला विचारायचे आणि शेवटच्या घासापर्यंत त्याचं उत्तर स्वतःच द्यायचे. संगीतकार ताईकडे बघून राग गिळायचा. तो सगळा राग त्यानं माझ्यात ओतला.

माझी लय संथ आहे, ती भावोजींच्या जिना चढण्याची. हा पठ्ठ्या त्यांच्या मागून चढताना कठड्यावर बोटांनी ताल धरायचा. दर मजल्यावर ते थांबत आणि दम लागलाय हे कळू नये म्हणून भिंतीचा रंग तपासत. माझ्यातही तेवढी जागा मोकळी ठेवलेली आहे. माझा स्केल मायनर, म्हणजे उदास सुरांचा, कारण भावोजी घोरायचे ते मायनरमध्ये. श्वास आत एका सुरात, बाहेर दुसऱ्या. यानं ते दोन्ही पियानोवर शोधून काढले. आणि मधोमध ट्युबा, म्हणजे ते जाडजूड पितळी वाद्य, तीनदा "आ... आ... आ..." करत वर चढतं, सगळे श्वास रोखतात, आणि झांजा, ढोल, ट्रम्पेट एकदम कोसळतात. ती भावोजींची शिंक. रेकॉर्डिंगच्या वेळी ट्युबावाल्या काकांना तिथं हसू आवरेना. "काका, गंभीर राहा हो!" असं संगीतकार काचेमागून ओरडत होता आणि स्वतःच पोट धरून हसत होता.

पुढे मी संगीत पुरवणाऱ्या एका कंपनीत गेले. तिथं प्रत्येक धुनेला मूडचं लेबल चिकटवणाऱ्या एक बाई आहेत. कामाचा ढीग एवढा, की सुरुवात ऐकायची आणि निकाल द्यायचा. डबा खाता खाता त्यांनी मला ऐकलं. लय संथ, स्केल मायनर. "शोक," म्हणाल्या आणि पुढचा घास घेतला. शिंकेपर्यंत त्या पोचल्याच नाहीत. संगीतकारानंही ते बदलून घेतलं नाही. ही भावोजींची थट्टा आहे, असं कुठल्या तोंडानं सांगणार?

तेव्हापासून शिंक आली की सभागृहात हुंदके फुटतात. एका समीक्षकानं तर तिथं मृत्यूचं पाऊल ऐकू येतं असं लिहिलं. त्या पावलाला सर्दी झाली होती, एवढं त्याला कळलं नाही.

आणि मग भावोजीच गेले. त्यांच्या ऑफिसच्या मंडळींनी शोकसभा ठेवली. "धून मेहुण्यांचीच लावू, घरचा माणूस आहे!" संगीतकार घाईघाईनं पुढे झाला. "दुसरं काहीतरी लावा की," तो म्हणाला. "अहो, लाजता काय एवढे!" म्हणून त्यांनी मला सुरू केलं.

ताई पहिल्या रांगेत बसली होती, तो तिच्या शेजारी. टीव्हीवर मला शिंकेआधीच तोडतात, त्यामुळे तिनं मला पूर्ण कधी ऐकलं नव्हतं. त्याला जगात तिच्याशिवाय कुणी नाही. तिनं ओळखलं तर ती पुन्हा आपलं तोंड बघणार नाही, ही त्याला भीती. मलाही माझी लाज वाटत होती. पण मी रेकॉर्ड केलेली. मध्येच थांबणं माझ्या हातात नाही.

ट्युबानं पहिला "आ" काढला. ताईनं मान वर केली. दुसऱ्याला तिचा हात पर्समध्ये गेला. तिसऱ्याला रुमाल बाहेर आला आणि तिनं तो समोर धरला, भावोजींच्या फोटोपुढे. झांजा कोसळल्या. सगळे डोळे पुसू लागले. ताईचा हात तसाच पुढे राहिला.

"ह्यांची शिंक आहे ना रे ही?"

"ताई..."

"गाढवा, जिन्यातलं थांबणंसुद्धा घेतलंयस!" ती म्हणाली आणि मोठ्यानं हसली. लोक वळून बघायला लागले, तरी हसतच राहिली, आणि हसता हसता हमसून रडायला लागली. मग रुमालानं नाक पुसून म्हणाली, "परत लाव."

आता ती घरी मला रोज लावते. परवा तिनं मूडवाल्या बाईंना फोन केला.

"त्या धुनेवर शोक लिहिलंय, ते बदला."

"मग काय लिहू? विनोदी?"

"नाही हो."

"प्रेम?"

"छे! नुसतं प्रेम कुठलं?" ताईनं जरा विचार केला. "नवरा, असं लिहा."

"असा मूड आमच्याकडे नसतो."

"तुमचं लग्न झालंय का?"

बाईंनी हातातला घास डब्यात ठेवला. मग म्हणाल्या, "थांबा, शेवटपर्यंत ऐकते."

त्या ऐकतायत. तोवर मी शोकच. म्हणून एक विनवणी करते: तुमच्याकडच्या सभेत मी वाजले आणि हसू फुटलं, तर दाबू नका. भाषणं ऐकलीत ना? गेलेल्या माणसाबद्दल एवढं तरी खरं असू द्या.